पांढरी ब्रॉड ब्रेस्टेड टर्की घरी वाढवून खाल्ली, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, पक्ष्याला ५ पैकी ४ आणि ज्या हॅचरीनं (अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्यांनी) पिल्लं पाठवली तिला जेमतेम २. हॅचरीचं नाव घेत नाहीये. पिल्लं ठणठणीत होती, खोकं नीट होतं, तक्रार त्याबद्दल नाहीचे, तक्रार आहे सोबत आलेल्या कागदाबद्दल. त्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं की "कोंबडीच्या पिल्लांप्रमाणेच वाढवावीत". हे वाचून ज्यानं खरंच तसं केलं त्याची निम्मी पिल्लं पहिल्या आठवड्यातच जायची, आणि मग तो म्हणणार टर्की नाजूक असते, आपल्याला जमणार नाही. नाजूक असते हे खरंय, पण फक्त सुरुवातीला, आणि ते का हे कुणी सांगितलं असेल तर सांभाळणं काही फार अवघड नाहीये.

आता नेमका माल काय ते. ब्रॉड ब्रेस्टेड व्हाइट म्हणजे रुंद छातीची पांढरी टर्की, दुकानात फ्रोजन मिळते ती बहुतेक हीच असते. हिला मुद्दाम छातीच्या मांसासाठी निवडत निवडत असं घडवलंय की नराला मादीवर नीट चढताही येत नाही, अंडी फळवायची तर कृत्रिम रेतन करावं लागतं. म्हणजे एकदा आणली की घरच्या घरी वंश वाढेल वगैरे डोक्यातनं काढून टाका, दरवेळी पिल्लं विकतच घ्यायची. पांढरी का तर पिसं काढल्यावर कातडीवर डाग दिसत नाहीत. गडद पिसांच्या ब्रॉन्झ जातीत कातडीत राहिलेली बारीक नवी पिसं काळी असतात, ती उपटली की शाईसारखा रंग पसरतो, चवीला काही फरक नाही पण दिसायला घाण दिसतं.

दुसरा पर्याय म्हणजे जुन्या जाती, बर्बन रेड, नॅरागन्सेट, रॉयल पाम वगैरे. त्या स्वतः जोडी जमवतात, उडतात, झाडावर जाऊन बसतात, दिसायला तर फारच सुंदर. पण कापायला तयार व्हायला सहा-सात महिने लागतात आणि छाती अरुंद. मला ताटासाठीच हवी होती म्हणून पांढरी घेतली आणि त्या हिशोबानंच हा रिव्ह्यू वाचा, अंगणात हौसेनं फिरवायला पक्षी हवा असेल तर हे प्रॉडक्ट तुमच्यासाठी नाही.

पहिला आठवडा. टर्कीच्या पिल्लाला खायचं-प्यायचं कळत नाही. मी गंमत करत नाहीये, समोर भांडं भरून खाद्य असतं आणि ते शेजारी उभं राहून उपाशी मरतं. अंड्यातून बाहेर पडताना पोटात बलक असतो त्यावर दोन-तीन दिवस निघतात, म्हणून तर खोक्यात घालून लांबवर पाठवता येतात, पण घरी पोचेपर्यंत तो साठा संपत आलेला असतो. खोकं उघडलं की एकेक पिल्लू हातात घ्यायचं, चोच कोमट पाण्यात अलगद बुडवायची (नाकपुड्या नाही, फक्त चोचीचं टोक), गिळलं की खाद्यात बुडवायची, मग सोडायचं. आणि हे एकदा करून भागत नाही, पहिले दोन दिवस येता-जाता बघायचं कोण सुस्त उभं आहे. चमकणाऱ्या वस्तूकडे ती लगेच आकर्षित होतात, म्हणून पाण्याच्या भांड्यात काचेच्या रंगीत गोट्या टाकायच्या, त्यावर टोचायला जातात आणि आपोआप पाणी पितात, शिवाय गोट्यांमुळे पाणी उथळ राहतं आणि कुणी बुडून मरत नाही. खाद्याच्या भांड्यातपण चार गोट्या ठेवा, बोटानं टकटक वाजवा, त्यांची आई चोचीनं दाखवते ना तसं. कोंबडीची दोन-चार पिल्लं सोबत ठेवली की टर्कीची पिल्लं त्यांचं बघून शिकतात असंही बरेच जण सांगतात आणि ते चालतंही, पण मी ते अजिबात करू नका म्हणेन, कारण पुढे येतंय.

उष्णता पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी, अंगावर नीट पिसं येईपर्यंत म्हणजे पाच-सहा आठवडे. थर्मामीटर लावा पण विश्वास पिल्लांवर ठेवा, बल्बखाली एकावर एक चढून चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय, लांब कडेला पंख पसरून धापा टाकत असतील तर गरम होतंय. मी लाल २५० वॅटचा बल्ब आणि पायांवर उभी राहणारी हीटिंग प्लेट दोन्ही वापरून बघितलं. प्लेटला वीज कमी लागते आणि आगीची भीती जवळजवळ नाही, बल्ब भुश्यात पडला तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. पण टर्कीसाठी माझी पसंती पहिले काही दिवस बल्बलाच, कारण प्लेटखाली अंधार असतो आणि ही वेडी तिथंच दडी मारून बसतात, खायला बाहेर येतच नाहीत. बल्बच्या उजेडात भांडी दिसतात. फक्त बल्ब नुसत्या क्लिपवर लटकवू नका, साखळीनं आणि वरून अजून एका तारेनं बांधा. ब्रूडर, म्हणजे पिल्लं उबेत ठेवायची जागा, गोल करा, पुठ्ठ्याचं कडं चालतं, कोपरे असले की कोपऱ्यात गर्दी करून खालची चेंगरतात. खाली वर्तमानपत्र नको, गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि ते पाय पुन्हा सरळ होणं मुश्कील. लाकडाचा भुसा घाला पण पहिले काही दिवस त्यावर खडबडीत कापड अंथरा नाहीतर खाद्य समजून भुसाच खातात, हो, एवढी हुशार असतात.

खाद्यात तर त्या कागदानं कमालच केली होती, "कोणतेही चिक स्टार्टर चालेल", म्हणजे कोंबडीच्या पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य. नाही चालत. कोंबडीच्या स्टार्टरमध्ये प्रोटीन असतं १८ ते २० टक्के, टर्कीच्या पिल्लाला पहिले आठ आठवडे २८ टक्क्यांच्या आसपास लागतं, त्याशिवाय नियासिन हे व्हिटॅमिनही कोंबडीपेक्षा जास्त लागतं, ते कमी पडलं की पायाचे सांधे सुजतात, पाय वाकतात, आणि हा पक्षी पुढे जाऊन इतका जड होतो की वाकड्या पायांवर तो उभाच राहू शकत नाही. टर्की स्टार्टर म्हणून वेगळं मिळतं ते घ्या, ते नसेल तर गेम बर्ड स्टार्टर बघा, तितर-लाव्यांसाठी असतं ते, प्रोटीन जवळपास तेवढंच असतं. आणि पिशवीवरचं लेबल वाचा म्हणजे वाचाच, कोंबड्यांच्या काही खाद्यांत रक्ती हगवणीवर सॅलिनोमायसिन घातलेलं असतं, कोंबडीला ते औषध, टर्कीला विष. त्याच रोगावरचं दुसरं औषध अॅम्प्रोलियम असेल तर हरकत नाही. आठ आठवड्यांनंतर प्रोटीन २०-२२ वर आणायचं आणि शेवटी १६-१८. खाद्य लागतं बाकी भरपूर, एक नर कापेपर्यंत ४० ते ५० किलो सहज संपवतो, हा आकडा ऑर्डर देण्याआधी कागदावर मांडा कारण खरा खर्च पिल्लांचा नसतोच, खाद्याचाच असतो, बाकी सगळं त्याच्यापुढे किरकोळ. सांडणं थांबवायचं असेल तर भांडं त्यांच्या पाठीच्या उंचीला लटकवा आणि दर आठवड्याला वर घेत जा.

आता ते कोंबड्यांबद्दलचं. घरी आधीपासून कोंबड्या असतील तर या रिव्ह्यूमधलं बाकी काही नाही वाचलं तरी चालेल, हा भाग वाचा. ब्लॅकहेड नावाचा रोग आहे, हिस्टोमोनास नावाच्या एकपेशीय जंतूमुळे होतो. हा जंतू उघड्यावर फार टिकत नाही, पण कोंबडीच्या आतड्यात जो बारीक जंत असतो त्याच्या अंड्यात लपून बसतो, ती अंडी विष्ठेतनं जमिनीत जातात आणि तिथं वर्षानुवर्षं जिवंत राहतात, गांडुळांनी ती खाल्ली तर गांडुळातही राहतात. कोंबडीला यानं बहुतेक वेळा काहीच होत नाही, ती मजेत फिरत असते. टर्कीनं त्या मातीतलं काही टिपलं की लिव्हर आणि आतडी सडायला लागतात, गंधकासारखी पिवळीधमक विष्ठा दिसायला लागते, पक्षी मान टाकून उभा, आणि कळपातली बहुतेक सगळी जाऊ शकतात. अमेरिकेत यावर नायटार्सोन नावाचं एक आर्सेनिकचं औषध होतं, ते २०१५ च्या शेवटी बंद झालं, आणि पूर्वी चालणारी दुसरी औषधं खायच्या पक्ष्यांना द्यायला बऱ्याच देशांत बंदी आहे. म्हणजे न होऊ देणं एवढंच हातात. म्हणून कोंबडीची पिल्लं शिकवणी म्हणून सोबत ठेवू नका म्हणाले. जिथं गेल्या तीन-चार वर्षांत कोंबड्या चरल्यात तिथं टर्की सोडू नका, दोघांचे बूट-फावडी-भांडी वेगळी ठेवा, आणि काम करताना आधी टर्कीकडे मग कोंबड्यांकडे जा, उलट नाही. जागाच नसेल तर टर्कीला सिमेंटच्या किंवा जाळीच्या तळावर वाढवा, कोरडा भुसा घालत राहा. हॅचरीच्या कागदावर याबद्दल एक अक्षर नव्हतं. एक अक्षर! २ स्टार मिळाले ते पिल्लं धडधाकट होती म्हणून, नाहीतर तेही दिले नसते. बर्ड फ्लूचंही तसंच, टर्कीला तो फार पटकन मारतो, जंगली बदकं येतात त्या तळ्याचं पाणी किंवा उघड्यावर सांडलेलं खाद्य टाळा, आणि एकाएकी बरीच मेली तर पुरून मोकळे होऊ नका, सरकारी पशुवैद्यांना कळवा.

दोन महिने पार पडले की मग मात्र ही टर्की अगदी सोपी. इथं पक्ष्याला पूर्ण मार्क. थंडी सोसते, भांडत नाही फारशी, मागे मागे फिरते, शिटी वाजवली की सगळे नर एका सुरात गडगडतात (माद्या नाही, त्या नुसत्या कटकट करतात). नराच्या डोक्याचा रंग मूड प्रमाणे बदलतो, लाल, निळा, पांढरा, आणि चोचीवरून तो मांसाचा तुकडा लोंबत असतो तो चिडला की लांब होतो. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होईल का तर होईल. उडायची भीती या जातीत नाहीये, वजनामुळे कुंपणावरही जात नाही, पण म्हणूनच बसायची दांडी गुडघ्याच्या खाली ठेवा, उंचावरनं उडी मारली की पाय नाहीतर छातीचं हाड दुखावतं. रात्री मात्र आत बंद करायच्या, पळता येत नाही उडता येत नाही, कुत्र्याला किंवा कोल्ह्याला याहून सोपी शिकार नाही.

आणि आता जे कुणी ठळक सांगत नाही ते. या पक्ष्याला तारीख असते. मादी १४ ते १६ आठवड्यांत जिवंत ७ ते ९ किलो होते, नर १८ ते २० आठवड्यांत १५ ते १८ किलो. यातलं साधारण पाऊण वजन साफ केल्यावर हातात येतं. त्या तारखेच्या पुढं ठेवलं तर वाढत राहतो, थांबत नाही, आणि मग लंगडायला लागतो, श्वास लागतो, काही नर तर चांगले उभे असताना महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) फुटून जागीच पडतात, हे वेगानं वाढणाऱ्या जातीत ठाऊक असलेलं दुखणं आहे. "अजून थोडा मोठा होऊ दे" किंवा "जीव लागलाय, राहू दे" या दोन्हीचा शेवट पक्ष्याच्या हालातच होतो. म्हणून पिल्लं मागवायच्या दिवशीच कापायची तारीख ठरवा, कोण कापणार ते ठरवा, फ्रीझरमध्ये जागा आहे का बघा. ज्या घरात हे ठरत नाही त्यांनी ही जात घेऊ नये, हे माझं अगदी स्पष्ट मत आहे, बाकीचं काय ते हळूहळू जमतं.

कापायच्या कामाला पक्ष्याच्या आकारामुळे ३ स्टार. आधी तुमच्याकडे घरी कापायला परवानगी आहे का ते बघून घ्या, नियम सगळीकडे सारखे नाहीत, मांस विकायचं असेल तर आणखीच वेगळे. आदल्या रात्रीपासून खाद्य बंद, १२ तासांच्या आसपास, पाणी चालू ठेवायचं. कोंबडी उलटी धरून कापायचा नरसाळ्यासारखा कोन याला होत नाही, टर्कीसाठी मोठा मिळतो, किंवा जाड खाद्याच्या गोणीचा एक कोपरा कापून त्यातनं डोकं बाहेर काढा, महत्त्वाचं एवढंच की पंख बांधलेले राहिले पाहिजेत, १६ किलोच्या नराचा पंख तोंडावर बसला तर दात हलतात. जबड्याच्या लगेच खाली दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एका दमात, सुरी खरोखर धारदार, आणि पूर्ण रक्त जाऊ द्यायचं, घाई नको. मग ६० ते ६३ अंशांच्या पाण्यात एक-दीड मिनिट, वर-खाली हलवत, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकले की पाणी पिसांच्या मुळापर्यंत पोचतं. पंखाचं मोठं पीस सहज निघालं की बाहेर काढायची, जास्त ठेवली तर कातडी शिजून फाटते. इथं अडचण भांड्याची होते, घरातलं कुठलंच भांडं पुरत नाही, ड्रम लागतो. पिसं काढायचं रबरी बोटांचं मशीन भाड्यानं मिळत असेल तर घ्या, पण कोंबड्यांच्या मशीनमध्ये मोठा नर फिरत नाही, नुसता अडकून बसतो, विचारून घ्या.

साफ केल्यावर लगेच बर्फाच्या पाण्यात, आत खोलवर ४ अंशांखाली जाईपर्यंत. मोठा पक्षी असेल तर याला बरेच तास लागतात, बर्फ वाटतो त्याच्या दुप्पट आणा. आणि त्याच दिवशी शिजवू नका, कृपा करा. मेल्यावर स्नायू आखडतात ते सैल पडायला फ्रिजमध्ये एक-दोन दिवस द्यावे लागतात, नाहीतर एवढं सगळं करून रबर चावायचं.

चव. छातीचं मांस दुकानातल्या फ्रोजनपेक्षा घट्ट, रसदार, आणि त्यात भरलेलं मिठाचं पाणी नसतं त्यामुळे मांसाची स्वतःची चव लागते, जरा सौम्यच असते पण असते. खरी मजा मांडीची आणि कातडीखालच्या चरबीची. तंगडीत मात्र हाडासारखे कडक झालेले स्नायुबंध असतात, पाय कापताना पकडीनं ओढून काढले तर खाताना त्रास नाही. अख्खा नर ओव्हनमध्ये मावायचा नाही हे आधीच लक्षात घ्या, आणि मावला तरी छाती कोरडी पडेपर्यंत मांडी शिजत नाही, म्हणून मी तुकडे करूनच भाजते. छातीचा सगळ्यात जाड भाग ७४ अंशांना पोचला की बाहेर, मांडी आणि तंगडी ८० च्या पुढं जाऊ द्यायची, तिथं मांस सुटायला लागतं. आदल्या दिवशी नुसतं मीठ चोळून उघडी फ्रिजमध्ये ठेवली की कातडी कुरकुरीत होते. फ्रीझरमधली काढायची तर दर दोन किलोला एक अख्खा दिवस फ्रिजमध्ये सुटायला धरा, म्हणजे मोठ्या तुकड्यांसाठी आठवड्याच्या सुरुवातीलाच विचार करायचा.

पुढच्या खेपेला सगळ्या माद्याच मागवणार. लवकर तयार होतात, ओव्हनमध्ये अख्ख्या मावतात, ड्रम-कोनाची झटापट कमी, आणि एका जेवणात संपतात. नर फक्त ज्यांना भरपूर खिमा आणि फ्रीझरभर मांस हवंय त्यांनीच घ्यावा. सगळ्या हॅचऱ्या नर-मादी वेगळे करून देत नाहीत, मिसळच पाठवतात, तर ऑर्डर देण्याआधी फोन करून विचारा, आणि विचारतानाच ब्लॅकहेडबद्दलही एक प्रश्न टाका. समोरचा अडखळला तर दुसरीकडे बघा.